हरकतीचा अर्ज, तीन प्रती

डिचोलीत मामलेदार कचेरीच्या पायरीखाली
माझं टेबल आणि जुनं मराठी मशीन.
त्याचा 'ळ' वर उडतो, म्हणून कुळांचे सगळे अर्ज
जरा अडखळल्यासारखे दिसतात.

पुनो वेळूस्कर आला, नार्व्याचा.
पोटऱ्यांवर खाजनाचा चिखल सुकलेला.
बसायच्या आधीच म्हणाला,
"बरय बाय, शाबी चोर."

म्हटलं, ही शिवी झाली. दावा सांग.
दावा म्हणजे ज्याला समोरचा 'नाही' म्हणू शकतो
आणि साहेब 'दाखव' म्हणू शकतो.
त्याने टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.
"मानशीची पावणी शाबीन घेतली.
रातीं भरतीक दार उक्तें दवरता, नुस्त्यांखातीर.
खारें उदक म्हज्या शेतांत."
हां. हे पहिल्या परिच्छेदात.

सरमळकर मास्तरांनी आम्हाला सातवीत
अनुमानाची पाच अंगं शिकवली होती.
पुस्तकात डोंगरावर धूर, म्हणून आग.
मास्तर खिडकीबाहेर बोट दाखवत:
आंब्याच्या पानांवर लाल धूळ, म्हणून वर खाण.
जिथे जिथे तशी धूळ, तिथे तिथे खाण.
मागच्या बाकावरची सुलभा शेटकर उठली,
"मास्तर, नुसता ट्रक गेला असेल तर?"
मास्तरांनी खडू खाली ठेवला
आणि त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही.

पुरावा?
पुनोने रुमालाची गाठ सोडली. जयाची लोंबी,
चिमटीत धरली तर नुसतं तूस.
मी जिभेला लावून पाहिलं. खारट.
पण माझ्या जिभेची साक्ष अर्जात चालत नाही;
तलाठ्याचा पंचनामा जोड, म्हटलं.
आणि लोंबी इथे, दार तिथे,
मधल्या बांधावर उभं राहून
कोणीतरी सांगायला हवं की हे त्यामुळे.
"तें सगळ्यांक खबर आसा."
सगळ्यांना खबर असतं तेच लिहायचं राहतं, बाबा.

आता पूर्वपक्ष. शाबी काय म्हणेल?
"ताचें कित्याक बरोवप? पयशे हांव दितां!"
तू नाही लिहिलंस तर तो लिहील,
आणि त्याच्या कागदात तू दिसशील कसा?
नीट सांग. बुजगावणं उभं करून हाणू नकोस,
तो तुझ्या बहिणीचा नवरा आहे.

कदंबाची एक बस भरून गेली. दुसरी आली.
मग तो बोलू लागला, आवाज शाबीचाच वाटावा असा:
"म्हणटलो, जया कित्याक पेरलें?
आज्यान कोरगूट पेरिल्लें, खाऱ्यांतूय जातालें.
म्हणटलो, दार हांव उक्तें दवरिना,
तें धांपनाच. सकयली फळी ना."
मी टंकत होते.
"फळी ना, कारण..."
घंटी वाजली. ओळ संपली होती.
मी नवी ओळ घेतली आणि बोटं तशीच ठेवली.
"...ती म्हज्या गोठ्याक. पावसांत व्हांवत आयिल्ली.
माट्टीची. हांवें वळखली तेन्नाच."

मास्तर, हे कुठल्या अंगात बसवू?
तुमच्या फळ्यावर मान्य करायला जागाच नव्हती.

मी कागद ओढून काढला नाही. खोडलंही नाही;
रबर वरची प्रत पुसतो, कार्बनखालच्या दोन तशाच राहतात.
विचारलं, निष्कर्ष काय घालू?
"प्रती कितल्यो?"
तीन.
"एक सायबाक. एक म्हाका."
तिसरी घडी करून टोपीत ठेवली,
कोणाला ते बोलला नाही.
सही केली नव्हती कुठल्याच प्रतीवर.
चाळीस रुपये मोजून दिले आणि विचारलं,
आज सुकती किती वाजता.
मला कुठलं ठाऊक? मी डोंगराकडची.

संध्याकाळी मशीनवर झाकण घालण्याआधी
वापरलेला कार्बन उजेडाकडे धरला.
ओळींवर ओळी, काही वाचता येईना.
फक्त शेवटची, जिच्याखाली काही नव्हतं,
आणि तिच्यात 'फळी',
'ळ' नेहमीसारखा वर उडालेला.